दोन टक्क्यांचे पुण्य

मार्चअखेर हिशेबाच्या वह्या मिटल्या, की आपल्या उद्योगसंस्थांत दोन वार्षिक विधी पार पडतात. एक सामाजिक दायित्वाचा आणि दुसरा कर्मचाऱ्यांच्या कार्यमूल्यमापनाचा. पहिला उजेडात होतो. त्याला कोनशिला असते, हारतुरे असतात, छायाचित्रकार असतात. दुसरा बंद दाराआड होतो; तेथे फक्त एक तक्ता, एक वरिष्ठ आणि खाली मान घातलेला एक कनिष्ठ असतो. या दोन विधींचा एकमेकांशी काही संबंध असावा, असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. आमच्या मते सारा घोटाळा नेमका तेथेच आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक कार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक कसोटी लागू पडली की मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजासाठी खर्चावयाचे, असे त्याने ठरविले. १ एप्रिल २०१४ पासून हे कलम अमलात आले. आरंभी ‘खर्च करा, नाही तर कारण सांगा’ एवढीच सक्ती होती. जानेवारी २०२१ पासून न खर्चलेली रक्कम ठराविक मुदतीत वेगळ्या खात्यात किंवा निर्दिष्ट निधीत भरणे भाग पडले. या पैशातून शाळांच्या खोल्या उभ्या राहिल्या, गावतळ्यांतील गाळ निघाला, रुग्णालयांना यंत्रे मिळाली. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु या कलमाची मर्यादा त्याच्या व्याख्येतच आहे. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायातील कामे त्यात धरली जात नाहीत. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या हिताची कामेही धरली जात नाहीत. पळवाट बंद करण्यासाठी हे योग्यच होते. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला, की ‘सामाजिक दायित्व’ म्हणजे कारखान्याच्या फाटकाबाहेर करावयाची गोष्ट, अशी समजूत दृढ झाली. दोन टक्के कोठे गेले, याचा जाब हे कलम विचारते. नफा कसा मिळविला, हे विचारण्याचे काम अन्य कायद्यांकडे आणि त्याहून अधिक व्यवस्थापकाच्या सदसद्विवेकबुद्धीकडे सोपविलेले आहे. आणि त्या बुद्धीला दरवर्षी कोणते वळण लावले जाते, हे पाहावयाचे तर मूल्यमापनाचा तक्ताच उघडावा लागतो.

एक साधे उदाहरण घ्यावे. लघुउद्योगांचे देणे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करावे आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. आता एखाद्या बड्या कंपनीचा खरेदी-अधिकारी भोसरीतल्या एखाद्या छोट्या कारखानदाराचे बिल शंभर दिवस अडवून ठेवतो. पुढची ऑर्डर जाईल या भयाने कारखानदार तक्रार करीत नाही. त्याच्या कामगारांचा पगार मात्र लांबतो. अधिकाऱ्याच्या तक्त्यात ही गोष्ट कशी उमटते? ‘खेळत्या भांडवलाची उत्कृष्ट बचत’ म्हणून! त्याला बढती मिळते, आणि त्याच महिन्यात तीच कंपनी लघुउद्योजकांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती जाहीर करते. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, याचे याहून स्वच्छ उदाहरण कोणते असेल?

हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतील वेल्स फार्गो ही बँक तेथील मोठ्या दानशूर संस्थांत गणली जात असे. त्याच बँकेत विक्रीची उद्दिष्टे गाठण्यासाठी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या संमतीवाचून लाखो खाती उघडल्याचे २०१६ मध्ये उघडकीस आले. साडेअठरा कोटी डॉलरांचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे बँकेने सांगितले. देणग्या खऱ्या होत्या, आणि फसवणूकही खरीच होती. बँकेच्या दानाने कर्मचाऱ्याच्या मानेवरील उद्दिष्टाचे जू तसूभरही हलके झाले नव्हते. भोपाळची आठवण तर आपल्या घरातली आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोराही निकामी होता. खर्चात काटकसर म्हणजे कर्तबगारी, हे समीकरण जेथे निरपवाद होते, तेथे सुरक्षितता ही पहिली काटकसर ठरते.

शाळेत ज्याने खडू हाती धरला आहे, त्याला हे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. परीक्षेत जे विचारले जाते तेच मुले वाचतात. नागरिकशास्त्राला गुण नसतील, तर त्याचे पुस्तक वर्षभर कोरे राहते. प्रौढ माणसे याला अपवाद नाहीत.

यावर असे म्हटले जाईल, की नफा मिळविणे हे कंपनीचे पहिले कर्तव्य आहे. व्यवस्थापकाच्या डोक्यावर नीतीचे गुणपत्रक ठेवल्यास कागद वाढतील, सदाचार वाढणार नाही. या आक्षेपाचा उत्तरार्ध विचारात घेण्याजोगा आहे. ‘समाजसेवेचे तास’ असा आणखी एक रकाना वाढवून काहीच साधणार नाही. तोही खोटा भरला जाईल. पूर्वार्धाला मात्र कायद्यानेच उत्तर दिले आहे. १६६ व्या कलमाने संचालकांवर भागधारकांबरोबरच कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांच्या हिताचे कर्तव्य सोपविले. १७८ व्या कलमाने वरिष्ठांचे वेतन ठरविताना अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा दोन्ही उद्दिष्टांचा समतोल राखण्यास सांगितले. दायित्वाची समिती आणि वेतनाची समिती एकाच कायद्याची अपत्ये आहेत. दोघींची गाठ घालून देणे एवढेच उरले आहे.

आमची मागणी माफक आहे. कारखानाप्रमुखाच्या मूल्यमापनात कंत्राटी कामगारांसह सर्वांच्या अपघातांचा हिशेब असावा, आणि अपघात दडविणे हा अपघाताहून मोठा दोष मानावा. खरेदी-अधिकाऱ्याने लघुउद्योगांची देणी मुदतीत दिली की नाही, हे त्याच्या वेतनवाढीपूर्वी पाहावे. सांडपाण्याची जबाबदारी फाटकावरील फलकावर न लिहिता एका नावाच्या माणसावर टाकावी. हे आकडे संबंधित अधिकाऱ्याने स्वतः भरू नयेत; कामगार, पुरवठादार आणि शेजारचे गाव यांना विचारून भरावेत. सेबीच्या आदेशाने आघाडीच्या हजार नोंदणीकृत कंपन्या २०२२-२३ पासून अपघात, वेतन आणि पर्यावरण यांविषयी वार्षिक अहवाल देऊ लागल्या. म्हणजे बरीचशी माहिती गोळा होतच आहे. ती फक्त मूल्यमापनाच्या खोलीपर्यंत पोहोचावयाची आहे.

जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस सुरू झाला, तेव्हा तसे करण्यास कोणत्याही कायद्याने भाग पाडले नव्हते. ते दान नव्हते. ती काम चालविण्याची रीत होती. आडात नसेल, तर पोहऱ्यात कोठून येणार? नफ्यातील दोन टक्के समाजाला अवश्य द्यावेत. पण नफा मिळविणाऱ्या हाताला शाबासकी देण्यापूर्वी त्याने तो कसा मिळविला, हे संचालकांनी एकदा विचारावे. या एका प्रश्नाला खर्च काहीच नाही, आणि म्हणूनच तो टाळण्यास सबबही नाही.