ऐब विचारून घेतलेली कयाक

माझा धाकटा भाऊ कुवेतहून कायमचा परतला त्याला आठ महिने झाले. करार संपला, नवा मिळाला नाही. हिशेबाचे पैसे बँकेत आहेत, पुतणी बारावीला आहे, आणि भाऊ रोज असरनंतर भाट्येच्या खाडीकाठी गरी टाकून बसतो. गेल्या महिन्यात त्याला कुणीतरी सांगितलं की शेजारच्या मोहल्ल्यातला एक मुलगा आपली जुनी कयाक विकतोय. किंमत 24 हजार. भावजय माझ्याकडे आली, म्हणाली, "बाजी, तुम्हीच सांगा यांना. घरात कमाई नाही आणि होडी घ्यायला निघालेत."

कयाक म्हणजे एका माणसाची, वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. मुळात ती उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची, सीलच्या कातड्याने मढवलेली. आता गळाने मासे धरणाऱ्यांसाठी मिळते ती जाड पॉलिथिलीनची असते. आतून पोकळ, माणूस वर बसतो, लांबी 10 ते 12 फूट, वजन 30 किलोच्या आसपास.

भाऊ वही घेऊनच बसला होता. आठवड्याला इतका जिताडा, इतकी तांबोशी, बाजारात भाव इतका, म्हणजे वर्षात पैसे वसूल. मी वही मिटायला सांगितली. इथली दालदी बिरादरीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगत आली. त्यांच्याकडे जाळी आहेत, मोठ्या होड्या आहेत, अंगात मुरलेलं ज्ञान आहे, तरी कितीदा रिकाम्या हाताने परततात. न धरलेला, पाण्यातला मासा विकणं फिकहमध्ये जाइज नाही. "आणि तू तर तो वहीत विकूनही मोकळा झालास," असं मी म्हणाले तेव्हा भावजय हसली. भाऊ हसला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आपा, खाडीवर जाऊन आलो त्याच रात्री मला झोप लागते."

हे त्याने आधीच सांगायला हवं होतं. कमाईचं साधन म्हणून कयाक घेणं मला पटत नव्हतं. पण आठ महिने गप्प असलेल्या माणसाच्या मनाला विसावा म्हणून घ्यायची असेल तर तो वेगळा मामला, आणि त्याचा हिशेबही वेगळा. शौक हराम नाही, इसराफ हराम आहे. पुतणीची फी आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढला. उरलेल्यात 24 हजार बसत नव्हते. 16 हजार बसत होते.

रविवारी आम्ही दोघं बघायला गेलो. जुनी वस्तू घेताना आपण विचारतो, "चांगली आहे ना?" या प्रश्नाला कुठलाही विकणारा "हो" म्हणतो. वर्गात "समजलं ना?" विचारलं की सगळी मुलं "हो" म्हणतात, तसंच. मी भावाला सांगून ठेवलं होतं, "यात ऐब काय आहे" असं विचार. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही, हे त्यांनी विक्रेत्याला विचारलं होतं. हदीस सगळ्यांना पाठ असते, पण ढिगात हात घालायचा कंटाळा.

मुलगा क्षणभर थांबला. मग त्याने स्वतःच कयाक उलटी केली. बसायच्या जागेतलं पाणी खाली निघून जावं म्हणून कयाकला आरपार भोकं असतात. त्यांच्या कडांवर भार येतो आणि तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. मागच्या भोकापाशी तडा गेला होता आणि तो उष्णतेने जोडून घेतलेला होता. आपल्याकडे फायबरच्या होडीला गावातला कारीगर रेझिन आणि मॅट लावून देतो. पॉलिथिलीनवर रेझिन नीट धरतच नाही, दुरुस्ती म्हणजे प्लास्टिकचं वेल्डिंग, आणि ते सगळ्यांना जमत नाही. तळावरचे ओरखडे मात्र किरकोळ होते. खडकावरून, कालवांवरून ओढली की ते येणारच. रंग उन्हाने फार पांढुरका पडला नव्हता, दाबून पाहिलं तर प्लास्टिक ठिसूळ लागलं नाही. सूरह कहफमधल्या गरिबांची नाव तिच्यातल्या ऐबामुळे जालिम बादशाहाच्या हातून वाचली होती. इथे ऐबामुळे किंमत उतरली, 16 हजारांवर.

तरी मी तीन दिवसांची मुदत मागायला लावली. सौदा ठरवताना परत करण्याचा हक्क राखून ठेवता येतो. शाफई आणि हनफी, दोन्ही मसलकांत तो तीन दिवसांपर्यंत आहे. आपण लग्नाच्या दावतीत मसाइलवर वाद घालतो आणि व्यवहारात ही सवलत वापरत नाही. मुलाने कागदावर लिहून दिलं.

पहिल्या दिवशी भावाने कयाक दोन बाकांवर ठेवून आत बादल्यांनी पाणी ओतलं. जोडाशी एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशी भरतीला काठाजवळच्या उथळ पाण्यात तासभर बसला, बाहेर काढून बूच उघडलं, तर अर्धा पेला पाणी निघालं. ते जोडातून नव्हतं, पुढच्या झाकणाच्या सुकलेल्या रबरातून आलं होतं. रबर बदललं.

तिसऱ्या दिवशी भावजयीच्या अटी आल्या, आणि त्या माझ्यापेक्षा कडक निघाल्या. सोबत मिळालेलं जुनं लाइफ जॅकेट घालायचं नाही, नवं घ्यायचं. एकट्याने जायचं नाही. पावसाळ्यात नाही. आणि चांदची तारीख बघून जायचं. ती खाडीकाठचीच मुलगी. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण असतं, म्हणजे हिजरी महिन्याची सुरुवात आणि साधारण चौदा ते सतरा तारीख. तेव्हा ओहोटीचं पाणी खाडीच्या मुखाकडे जोराने ओढतं आणि वल्ह्याने परतणाऱ्याचा दम काढतं. आठ-नऊ आणि बावीस-तेवीसच्या सुमाराला भांग, पाणी शांत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिने त्या तारखांभोवती हिरवी वर्तुळं केली आहेत. बाकीच्या दिवशी भाऊ पूर्वीसारखा काठावर बसतो.