चाकू खिशात कधी आला?

आमच्या बिदरकडच्या भालकी-औराद भागात पोरगं शाळेतून मार खाऊन आलं की आई आधी त्याचे डोळे पुसते आणि मग सुनावते, "पुन्हा रडत घरी येऊ नको, मारून ये." यात तिचा वाईट हेतू नसतो. ठाण्यात कन्नड, घरात मराठी आणि बाजारात दखनी बोलणाऱ्या या मुलखात आपल्या पोराला निदान हाताने तरी आपली बाजू मांडता यावी, एवढाच तिचा हिशेब असतो. हे वाक्य मी लहानपणी ऐकले आहे आणि, खोटे कशाला बोलू, माझ्या मुलालाही एकदा ऐकवले आहे.

त्यामुळे दहावीच्या वर्गाला एका रिकाम्या तासाला मी दोन पोरटोळ्यांच्या वैराची कादंबरी सांगू लागलो, तेव्हा मागच्या बाकावरून आलेल्या प्रश्नाचे मला नवल वाटले नाही. "मग सर, त्यानं काय मार खात बसायचं?"

कादंबरी अमेरिकेतली आहे, 'द आउटसायडर्स'. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात एस. ई. हिंटन नावाच्या मुलीने ती पंधराव्या वर्षी लिहायला घेतली. १९६७ साली ती छापून आली तेव्हा लेखिका अठरा वर्षांची होती. मुलीने लिहिलेली टोळ्यांची गोष्ट कोण गंभीरपणे वाचणार, म्हणून प्रकाशकाने नावाची फक्त आद्याक्षरे ठेवली. एका बाजूला केसांना तेल चोपडणारी गरीब वस्तीतली पोरे, ग्रीसर. दुसऱ्या बाजूला चकचकीत मोटारीतून फिरणारी पैसेवाल्यांची पोरे, सोश. एका रात्री बागेत दारू प्यायलेली सोश पोरे चौदा वर्षांच्या पोनीबॉयचे डोके कारंज्याच्या हौदात दाबून धरतात. त्याचा मित्र जॉनी चाकू काढतो आणि त्यात बॉब नावाचा मुलगा मरतो. दोघे पळून एका पडक्या चर्चमध्ये लपतात. पुढे त्याच चर्चला आग लागते, आत लहान मुले अडकतात आणि हे दोघे त्यांना बाहेर काढतात. जळते छत अंगावर कोसळून जॉनीची पाठ मोडते. तो इस्पितळात पडलेला असताना बाहेर दोन्ही टोळ्यांची ठरवून मारामारी होते. ग्रीसर जिंकतात. जॉनी मरतो.

या गोष्टीत तीन वेगवेगळ्या कृती आहेत: बागेतला चाकू, चर्चमधली आग आणि मोकळ्या मैदानातली मारामारी. पहिली आत्मरक्षणाची, दुसरी पराक्रमाची आणि तिसरी या दोन्हींपैकी कशातच न बसणारी. वर्गातल्या पोरांच्या डोक्यात मात्र या तिन्हींचा एकच गोळा झाला: जॉनी भारी, कारण तो भिडला. पोरांचे सोडा. आपण मोठी माणसेही हाच घोटाळा करतो, आणि माझी भीती तिथे सुरू होते.

आधी मागच्या बाकाला उत्तर. मार खात बसायचे नाही, हे कायदाही म्हणतो. जुन्या दंड संहितेत ९६ ते १०६ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमे स्वसंरक्षणाचा हक्क देतात. जिवावर बेतले असेल तर समोरच्याचा जीव गेला तरी तो हक्क टिकतो. पळून जाता येत होते ना, असे न्यायालय दटावत नाही. भेदरलेल्या माणसाने प्रत्येक फटका तराजूत तोलून मारावा, अशीही त्याची अपेक्षा नसते. पण दोन अटी पक्क्या आहेत. धोका संपला की हक्कही संपतो. आणि पोलिसांकडे जाण्याइतका वेळ हाताशी असेल तर तो हक्क मुळात उगवतच नाही. या हक्काला घड्याळ लावलेले आहे. बुडणाऱ्या मित्रासाठी त्या क्षणी काढलेला चाकू घड्याळाच्या आत बसतो. तोच चाकू दुसऱ्या दिवशी बॉबच्या घराबाहेर निघाला असता तर तो खून ठरला असता, मग आदल्या रात्री काहीही झालेले असो.

कादंबरी याच्याही मागे जाते, आणि तिथे ती मला सर्वांत प्रामाणिक वाटते. जॉनीच्या खिशात चाकू कधी आला? त्याआधी काही महिने सोश पोरांनी त्याला एकटा गाठून मरेस्तोवर मारले होते. पुन्हा कुणी हात लावला तर, म्हणून त्याने चाकू बाळगायला सुरुवात केली. म्हणजे बागेतल्या त्या रात्रीचा अर्धा निकाल काही महिने आधी लागून गेला होता. खिशात चाकू नसता तर कदाचित पोनीबॉय बुडाला असता, हे मान्य. पण भीतीने एकदा हत्यार विकत घेतले की पुढच्या प्रत्येक भांडणात ते हत्यार आपले मत देऊ लागते. पोरे भांडणाला 'मॅटर' म्हणतात. मॅटर झाला की आधी विचारतात, "सामान आहे का?" सामान म्हणजे काय, हे वर्गात कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

कादंबरीवर माझा आक्षेपही आहे. मारामारी व्यर्थ आहे हे ती अखेर जॉनीच्या तोंडून सांगते, पण त्याआधी मैदानातल्या मारामारीचे वर्णन इतक्या हौसेने करते की चौदा वर्षांचा वाचक तिथेच रमतो. माझ्या वर्गात त्या भागाला शिट्ट्या आल्या. रँडी या सोश मुलाचा प्रसंग मात्र कुणाच्या लक्षातही राहिला नाही. मेलेल्या बॉबचा हा जिवलग मित्र मारामारीच्या दिवशी पोनीबॉयला सांगतो की मी येणार नाही. तुम्ही जिंकलात तरी तुम्ही खालीच राहाल आणि आम्ही वरच. स्वतःच्या टोळीत भेकड ठरायची तयारी ठेवणारा या पुस्तकात तो एकटा. त्याला शिट्टी नाही.

आता घरची गोष्ट. 'रझाकार' या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक. निजामाच्या हैदराबाद राज्यात मजलिस या पक्षाच्या झेंड्याखाली ही संघटना उभी राहिली आणि लातूरचे वकील कासिम रझवी १९४६ पासून तिचे सूत्रधार झाले, तेव्हा तिची भाषा रक्षणाचीच होती. राज्य धोक्यात आहे, आपली माणसे धोक्यात आहेत, तरुणांनी पुढे यावे. आमच्याकडे कुणी दांडगाई केली की आजही म्हातारी माणसे म्हणतात, "काय रझाकारी लागून गेली का?" स्वयंसेवेसाठी असलेल्या शब्दाचा अर्थ दोन वर्षांत उलटा झाला. मे १९४८ मध्ये बसवकल्याणजवळच्या गोरटा गावात रझाकारांनी जी कत्तल केली, तिच्यात दोनशेच्या आसपास माणसे मारली गेल्याचे सांगतात. तोवर सरहद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसची सशस्त्र शिबिरे उभी राहिली होती. कॉलेज सोडून आलेली पोरे तिथे बंदूक शिकत आणि करोडगिरी नाक्यांवर धाडी घालत. त्या पोरांपुढे धोका खरा होता, दारात उभा होता. त्यांच्या धैर्याला मी इथे बसून उणे म्हणणार नाही.

पण १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत आले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. रझाकारांचा धोका संपला. आणि त्यानंतर, धोका संपल्यावर, आमच्या गावागावांत जे घडले ते आम्ही मुलांना सांगत नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या वर्षअखेरीस हैदराबाद राज्यात फिरून २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज नोंदवला. त्यातली मोठी संख्या मुसलमानांची. सर्वांत जास्त होरपळलेले चार जिल्हे तिने नावानिशी दिले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. लष्करातल्या आणि पोलिसांतल्या काहींचा हातही तिने नोंदवला. तो अहवाल पुढे कित्येक दशके सामान्य वाचकाच्या हाती आला नाही.

घड्याळाचा निकष इथे लावून पाहा. सप्टेंबरच्या आधी जे संरक्षण करत होते, तेच हात, तीच हत्यारे आणि पुष्कळदा तीच पोरे सप्टेंबरनंतर सूड घेत होती. आणि स्वतःच्या मनात ती अजूनही संरक्षणच करत होती. थांबण्याची वेळ झाली, हे त्यांना सांगणारे कुणी नव्हते. ज्यांनी सांगायचे, ते हार घालण्यात गुंतले होते.

गाणगापूरला दत्तदर्शनाला गेलेल्या मराठी माणसाला भीमा म्हटले की आधी पंढरपूर आठवते. कन्नड वर्तमानपत्रांत मात्र 'भीमा तीर' या शब्दांना गेली काही दशके वेगळीच शेपटी जोडलेली आहे: हंतकरु, म्हणजे मारेकरी. कलबुर्गीच्या अफजलपूर-आळंद पट्ट्यापासून विजयपूरच्या इंडी-चडचणपर्यंत टोळ्यांची आणि घराण्यांची वैरे पिढ्यान्‌पिढ्या चालली, ती गावठी पिस्तुलांच्या जोरावर. प्रत्येक घराण्याकडे आपला पहिला मेलेला माणूस आहे आणि गोष्ट तिथूनच सुरू होते. त्याच्या आधीचा, समोरच्याचा मेलेला माणूस त्या गोष्टीत नसतो. म्हणून प्रत्येक गोळी उत्तर असते, पहिली गोळी कुणाचीच नसते. २०१७ साली पोलिसांच्या गोळीने एका टोळीचा तरुण म्होरक्या मारला गेला. पुढच्या वर्षी, ती चकमक विरोधी घराण्याच्या सांगण्यावरून झाली या आरोपाखाली पोलीस अधिकाऱ्यांनाच अटक झाली. मैदानाबाहेर उभा राहून शिट्टी वाजवणारा पंचच एका संघाकडून खेळत असल्याचा संशय आला, की मग कलम ३७ मधले ते 'पोलिसांकडे जाण्याइतका वेळ' हे शब्द गावात कुणाला सांगायचे? या प्रश्नाला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. ज्याला ठाण्यावर भरवसा नाही त्याला चाकू बाळगू नकोस असे सांगणे मलाही जड जाते. पण भीमाकाठचा अनुभव एवढे नक्की दाखवतो की चाकूवाल्याची पाळी चुकत नाही, ती फक्त पुढे ढकलली जाते.

या मारेकऱ्यांवर पत्रकार रवी बेळगेरे यांनी पुस्तक लिहिले. २०१२ साली 'भीमा तीरदल्ली' हा चित्रपट आला, त्यात नायक होता दुनिया विजय. पडद्यावर गोळी मारणाऱ्याच्या मागे ढोल वाजतो. मरणाऱ्याच्या घरात तो वाजत नसतो, पण कॅमेरा तिथे जात नाही. आता त्याच ढोलाचे वीस सेकंदांचे तुकडे पोरांच्या फोनवर फिरतात. आमच्या बसस्टँडसमोर मध्यंतरी एका पोराचा वाढदिवस झाला. अठरा पूर्ण झाले नव्हते, हे मला शाळेच्या दाखल्यामुळे ठाऊक. दुचाकीच्या सीटवर केक, बाजूला फटाक्यांची माळ आणि केक कापायला तलवार. तलवार एवढी मोठी आणि केक एवढा छोटा की पहिल्याच फटक्यात तो सीटवरून घसरून मातीत पडला. पोरे हसली, मग कुणीतरी म्हणाले, "रीलमध्ये एवढं कापून टाक." मातीतला केक काढून टाकला गेला आणि तलवार राहिली. फलकावर त्याच्या फोटोखाली 'भाऊ' लिहिले होते. वर हात जोडून हसणारे दोन पुढारी होते. त्या पोराला कुणापासून धोका होता, असे मी पुढे एकदा विचारले. तो म्हणाला, "तसं कुणी नाही सर. पण असावं."

"असावं" या शब्दाने मला जॉनीच्या खिशाची आठवण करून दिली. फरक एवढाच की जॉनीने निदान आधी मार खाल्ला होता.

मग पराक्रम कशाला म्हणायचे, हे मी वर्गाला सुंदरलाल अहवालातूनच सांगितले. त्यात कत्तलींच्या नोंदी आहेत तशाच हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना आसरा दिल्याच्याही नोंदी आहेत. विणकरांनी विणकरांना वाचवल्याचा उल्लेख आहे. चर्चच्या आगीसारखेच हे. समोर शत्रू नाही, फक्त वाचवायचे माणूस आहे. गोरट्याला हुतात्मा स्मारक आहे, २६ मार्च २०२३ रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांनी त्याचे अनावरण केले. ते असायलाच हवे. त्या विणकरांची मात्र नावेही कुणी लिहून ठेवली नाहीत.

आमच्या गल्लीत एक म्हातारी होती. अठ्ठेचाळीसच्या त्या दिवसांत तिने शेजारच्या शिंप्याची दोन पोरे ज्वारीच्या पेवात दोन रात्री लपवली होती. ती हे सांगायची ते पेवाचे नुकसान म्हणून. पेव उघडले की आतली वाफ माणसाला मारते, म्हणून तिने आधी दोरीला बांधून दिवा आत सोडला. तो विझला. घटकाभर थांबून पुन्हा सोडला, तेव्हा तेवत राहिला. मग पोरांना खाली उतरवले. भादव्याचे दिवस, वरून पाऊस. "सहा पोती जवारी कुजली बघ," असे ती शेवटी म्हणायची, आणि तिच्या मते गोष्ट तिथे संपायची.

वर्गात मी ती तिच्याच शब्दांत सांगितली. शिट्टी आली नाही. थोड्या वेळाने मागच्या बाकानेच विचारले, "सर, त्या दोन पोरांचं पुढं काय झालं?"

धाकट्याचे मला ठाऊक नाही. थोरला बसस्टँडच्या कोपऱ्यावर शिवणयंत्र टाकून बसायचा. माझी शाळेची पहिली खाकी चड्डी त्यानेच शिवली होती.