राळ्याची पेज आणि कडक भाकरी

आमच्या वाचकांस आम्ही घरकोंबडे म्हणूनच ठाऊक आहों. पंढरपूर, अक्कलकोट, फार तर काशी, यापलीकडे आमचीं पावलें कधीं वळलीं नाहींत. तेव्हां यंदाच्या चैत्रांत आम्ही सपत्नीक चीन देश पाहून आलों, हें ऐकून कोणीं भुवया उंचावल्या तर त्यांत नवल नाहीं. भाचा तेथें बीजिंग शहरीं नोकरीस आहे. त्याचा आग्रह मोडवेना. तेथील ती भिंत, ते राजवाडे, सर्व पाहिलें; त्यांचीं वर्णनें पुस्तकांत मुबलक आहेत. आम्हांस सांगावयाची आहे ती एकाच दिवसाची हकीकत.

बीजिंगच्या नैर्ऋत्येस सुमारें २८० किलोमीटरांवर शिजियाझुआंग नांवाचें शहर आहे. तेथील हुतात्मा उद्यानांत आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांची समाधि आहे. १९१० सालीं जन्मलेला हा तरुण १९३८ मध्यें काँग्रेसनें धाडलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेला, जपानशीं लढणाऱ्या सैनिकांवर डोंगराळ मुलुखांत शस्त्रक्रिया करीत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या बत्तीस वर्षांचा असतां, अपस्मारानें तेथेंच वारला. ही कथा आम्हीं वर्गांत तीस वर्षें सांगितली. त्यांचें सोलापुरांतील घर आमच्या शाळेपासून पायीं वीस मिनिटांवर. २०१२ पासून तेथें स्मारकहि आहे. पण आम्ही तिकडे एकदांहि फिरकलों नव्हतों! मुलांकडून सनावळी तेवढी पाठ करून घेतली.

सकाळीं दहाच्या सुमारास एका लहानशा खानावळींत बसलों. मांस, मासळी, अंडें कांहीं नको, असें भाच्यानें निक्षून सांगितलें होतें. मालकीणबाईंनीं मान डोलावली आणि शेंगांची भाजी आणली. तींत खिम्याचे बारीक कण! बाईंच्या मतें तें मांस नव्हेच, चवीपुरतें टाकलेलें. आम्हांस आपद्धर्माचीं वचनें आठवूं लागलीं, पण सौ.नीं ताट दूर सारलें होतें, तेव्हां शास्त्रार्थाचा प्रश्न तेथेंच मिटला.

मग वाडग्यांतून पिवळसर पेज आली आणि सोबत वाफेवर फुगविलेले पांढरे मांतौ. पहिला घोट घेतांच सौ. म्हणाल्या, "अहो, हे तर आपले राळे!" खरेंच होतें. आमची आजी राळ्याचा भात करीत असे. पुढें घरांत रोज तांदूळ शिजूं लागला आणि राळे मागें पडले. उत्तर चीनमध्यें तें धान्य अजून घरोघर आहे, आणि कोटणीस ज्या फौजेबरोबर राहिले तिचें तर तेंच मुख्य अन्न. मांतौ मात्र अगदींच अळणी. आम्हीं पिशवींतून शेंगांची चटणी काढली. मालकीणबाईंनीं चिमूटभर मागून घेतली, डोळ्यांना पदर लावावा तसा हात लावला, आणि पुन्हां वाटी पुढें केली.

तो चिंगमिंगचा सण होता. तिकडचा पितृपंधरवडाच म्हणा, पण वसंतांतला: समाध्या झाडून त्यांवर फुलें वाहावयाचीं. उद्यानांत शाळेंतल्या मुलांच्या रांगा लागल्या होत्या. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांचीहि समाधि याच आवारांत आहे. कोटणिसांस तेथें 'के दिहुआ' म्हणतात. त्यांतील 'हुआ' म्हणजे चीन. ग्वो छिंगलान या परिचारिकेशीं त्यांनीं विवाह केला. १९४२ सालीं झालेल्या मुलाचें नांव यिन्हुआ. 'यिन' म्हणजे हिंद. संस्कृतच्या मास्तरास विग्रह केल्यावांचून राहवेना: द्वंद्व समास, दोन्हीं पदें प्रधान. तो मुलगाहि वैद्यकी शिकत असतां १९६७ मध्यें गेला. त्याची आई त्यानंतर पंचेचाळीस वर्षें जगली.

आम्ही हात जोडून उभे राहिलों. काय वाहावें तें सुचेना. फुलें तर सगळ्यांनींच वाहिलीं होतीं. तेवढ्यांत सौ.नीं पिशवींतून ज्वारीची कडक भाकरी काढून फुलांशेजारीं ठेवली. पहारेकरी लगबगीनें आला. तेथें खाण्याचा जिन्नस ठेवण्याची मनाई असावी. भाचा त्याच्याशीं कांहीं बोलला. त्यानें आमच्याकडे पाहिलें, भाकरी उचलून हुंगली, आणि वाऱ्यानें उडूं नये अशा बेतानें फुलांच्या मागें दगडाला टेकवून ठेवली.