युद्धानं बाईला काय दिलं?

दुसऱ्या महायुद्धानं बाईला उंबरठ्याबाहेर काढलं, कारखान्यात नेलं, असं दर आठ मार्चला कुणीतरी सांगतं. मागे दंड दाखवणाऱ्या अमेरिकन कामगारणीचं चित्र असतं. आमच्या इस्लापूरच्या शिवारात उभं राहिलं की हे पटत नाही. इथली बाई कमरेला ओटी बांधून सकाळीच कापसाच्या पातीला लागते. बोंडांची वाळकी टोकं बोचून नखांच्या कडा फाटतात, तरी हात थांबत नाही. हिला घराबाहेर काढायला कोणतं युद्ध लागलं?

ब्रिटननं डिसेंबर 1941 मध्ये बायकांवर युद्धकामाची सक्ती केली, हे खरं. पण ती तिकडची गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांत बायका कितीतरी आधीपासून होत्या. 1891 च्या कारखाना कायद्याला त्यांचा दिवस 11 तासांवर आणावा लागला. उलट महायुद्धात गिरण्यांची रातपाळी वाढली, तेव्हा 1934 च्या कायद्यानं बायकांना ती बंदच होती. ते वाढीव काम पुरुषांना मिळालं.

खाणींचं काय, असं कुणी विचारील. विचारावंच. सहस्रकुंडाच्या धबधब्यावरून पुढे गेलेली आमची पैनगंगा वर्धेला मिळते, त्या टापूत कोळशाच्या खाणी आहेत. जमिनीखालच्या कामाला बायकांना बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडला आणि ऑगस्ट 1943 मध्ये मध्य प्रांतात ती बंदी उठली, पुढे बंगाल-बिहारातही. फेब्रुवारी 1946 मध्ये ती परत आली. नड होती तोवर बाईला खाली उतरवलं, नड सरली तशी वर काढलं. याला मुक्ती म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तेव्हा मजूर खातं बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. 8 फेब्रुवारी 1944 ला मध्यवर्ती विधिमंडळात त्यांनी बंदी उठवण्याच्या निर्णयाची बाजू मांडली. बाबासाहेबांवर माझी श्रद्धा आहे, तरी बंदी उठवणं मला रुचत नाही. पण त्याच भाषणात त्यांनी ठासून सांगितलं, की या खाणींत बाई असो वा पुरुष, सारख्या कामाला सारखीच मजुरी हे तत्त्व पहिल्यांदाच मान्य झालं आहे. बायकांच्या पदरात खरं पडलं ते हे, आणि ते तोफांनी दिलेलं नाही; मजुराची बाजू जाणणाऱ्या माणसानं ते नियमात बसवून घेतलं. देशभरासाठी समान वेतनाचा कायदा व्हायला मग 1976 उजाडलं.

आमच्याकडे खुरपणीला बाईचा रोज आजही गड्यापेक्षा कमी आहे.