विश्लेषण : धाराशिवच्या तलावांवरील पक्षी का मोजायचे?

हिवाळा लागला की मराठवाड्यातील जलाशयांवर चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे उतरतात. त्यांच्या संख्येवरून पाणथळीचे आरोग्य जोखता येते. पण धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हा आकडा सहज फसवू शकतो.

मोजणी कशी होते?

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. या काळात स्थलांतर थांबलेले असते, त्यामुळे तेच पक्षी पुन्हा मोजले जाण्याचा धोका कमी. काम मुख्यतः स्वयंसेवकांचे. थवा मोठा असेल तर शंभर पक्ष्यांचा गट नजरेने आखायचा आणि थव्यात असे किती गट बसतात ते पाहायचे.

आकडा वाढला म्हणजे तलाव सुधारला?

तसे नाही. पाऊस कमी झाला की पाझर तलाव आटतात आणि पक्षी परंड्यातील सीना-कोळेगाव किंवा माकणीच्या निम्न तेरणासारख्या मोठ्या धरणांवर गोळा होतात. तिथली संख्या फुगते. प्रत्यक्षात जिल्ह्यातील पाणथळ आक्रसलेली असते. उलट धरणे तुडुंब भरली की उथळ कडा बुडतात आणि चिखलात चोच खुपसणाऱ्या तुतवारांना जागा उरत नाही. म्हणून किती यापेक्षा कोणते पक्षी, हा प्रश्न महत्त्वाचा. थापट्या पाण्यातील बारीक जीव गाळून खातो, पाणकावळा मासे. शेकाट्या सांडपाण्यातही तग धरतो. केवळ त्याचीच संख्या वाढत असेल तर ती शुभवार्ता नव्हे.

घट झाली तरी दोष स्थानिक तलावाचाच असतो असे नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ अहवालाने संवर्धनाची तातडीची गरज असलेल्या १७८ प्रजातींत चक्रवाकाचा समावेश केला आहे. त्यामुळे धाराशिवचे आकडे उजनी, जायकवाडीच्या आकड्यांशेजारी ठेवूनच वाचावे लागतात.

कायद्याचे संरक्षण आहे का?

खरी अडचण इथे आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत आणि जिल्ह्यातील मोठे पाणी बहुतेक तेच. अर्थात मानवनिर्मित असणे हा कायमचा अडसर नव्हे. गोदावरीवरील नांदूर मधमेश्वर हा सिंचनाचाच बंधारा. गाळाने उथळ झालेल्या त्या पाण्यावर पक्षी जमले, १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झाले. रामसरच्या निकषांपैकी एक आहे, नियमितपणे २० हजार पाणपक्षी. ‘नियमितपणे’ हे सिद्ध करायला एका चांगल्या हंगामाचा आकडा पुरत नाही. दुष्काळी वर्षांसह सलग नोंदी लागतात.