अपात्रतेनंतरचे पाच दिवस

सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरलेल्या तरुणाला कोणती दाद मागता येते, ती किती दिवसांत मागावी लागते आणि त्या कामी खासगी डॉक्टरच्या कागदाला किती वजन असते, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक व्यवसायी डॉक्टरला ठाऊक असलेली बरी. सिकंदराबादमध्ये मात्र ती ठाऊक असणे हा व्यवसायाचाच भाग आहे. आर्मी ऑर्डनन्स कोअरचे केंद्र, ईएमईचे केंद्र, लष्करी रुग्णालय आणि सैन्यभरती कार्यालय असा सगळा व्याप एकाच छावणीत असल्यामुळे, आणि माजी सैनिकांची कुटुंबे येथे मोठ्या संख्येने राहत असल्यामुळे, 'मेडिकलला अनफिट' हा शेरा घेऊन आलेला मुलगा येथील दवाखान्यांना नवा नाही. मराठवाड्यातून येऊन जुळ्या शहरांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतली मुलेही त्यांत असतात, आणि अधिवास कोणत्या जिल्ह्याचा आहे त्यावर भरती कार्यालय ठरत असल्याने त्यांपैकी काहींना तपासणीसाठी महाराष्ट्रात जावे लागते. पण निकालानंतर सल्ला विचारायला ती येतात ती आपल्या घरच्या डॉक्टरकडेच.

या मुलांच्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा सवलतीविषयीचा असतो, म्हणून त्याचा उलगडा प्रथम व्हायला हवा. अमेरिकेच्या सैन्यात वैद्यकीय अपात्रतेतून सूट देण्याची रीतसर व्यवस्था आहे: वयाच्या तेराव्या वर्षानंतर दम्याचा आजार राहिला असेल तर तो उमेदवार तेथील संरक्षण खात्याच्या निकषांनुसार अपात्र ठरतो, परंतु ज्या सेनादलात त्याला जायचे आहे त्या दलाचे वैद्यकीय अधिकारी त्याचा इतिहास आणि सध्याची क्षमता पाहून, दोष मान्य करूनही, त्याला प्रवेश देऊ शकतात. भारतात सैनिक भरतीच्या टप्प्यावर उमेदवाराने अर्ज करून मिळवावी अशी सूट नाही. सैनिकांच्या मुलांना उंचीत दोन सेंटिमीटर आणि छातीत एक सेंटिमीटर अशी जी शिथिलता मिळते ती शारीरिक मोजमापातली आहे. आजार किंवा व्यंग यांच्याशी तिचा संबंध नाही, आणि या दोहोंत पालकांची नेहमी गल्लत होते. येथे उमेदवाराला मिळतो तो फेरतपासणीचा हक्क, म्हणजे पहिल्या डॉक्टरचे निदान किंवा मोजमाप चुकले असेल, अथवा दोष दूर झाला असेल, तर ते दाखवण्याची एक संधी. त्यामुळे दयेचे, शिफारशीचे किंवा कुटुंबाच्या परिस्थितीचे मुद्दे येथे कामाला येत नाहीत. कामाला येतो तो पुरावा.

या संधीची मुदत अत्यंत तोकडी आहे. अग्निवीर भरतीच्या अधिसूचनांनुसार मेळाव्यातल्या तपासणीत अपात्र ठरलेल्या उमेदवाराला तज्ज्ञांकडून फेरतपासणीसाठी नेमून दिलेल्या लष्करी रुग्णालयात पाच दिवसांत हजर व्हावे लागते, तेथे पोहोचल्यापासून 14 दिवसांत ती तपासणी पूर्ण होते आणि त्यानंतर पुन्हा तपासणी होत नाही. अधिकारी पदाच्या प्रवेशात पायऱ्या अधिक आहेत: निवड मंडळाच्या मुलाखतीनंतर विशेष वैद्यकीय मंडळ, त्याच्या निर्णयावर 42 दिवसांच्या आत अपील वैद्यकीय मंडळ, आणि त्यानंतर सशस्त्र सेना वैद्यकीय सेवेच्या महासंचालकांकडे विनंती केल्यास दिल्ली किंवा पुणे येथे पुनर्विलोकन मंडळ. यातली शेवटची पायरी प्रकरणाचे गुणदोष पाहून महासंचालकांच्या विवेकाने मिळते, तो उमेदवाराचा हक्क नव्हे, हे नियमांतच नोंदलेले आहे. 42 दिवसांत कानातला मळ निघतो, त्वचेवरचे सुरमे बरे होतात, थोडे वजन उतरते. पाच दिवसांत यातले फारच थोडे साधते.

तपासणीतली कठोरता अनाठायी वाटू नये यासाठी तिचे कारणही डॉक्टरांनी समजून घ्यावे. सेवेत असलेल्या सैनिकाची वैद्यकीय श्रेणी मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच अंगांनी ठरते, आणि सेवेत असताना श्रेणी खालावली तरी त्याला सोयीचे काम देऊन ठेवता येते. नव्याने येणाऱ्याकडून मात्र पाचही अंगांत निर्दोषपणाची अपेक्षा असते, कारण त्याला कुठे आणि कोणत्या उंचीवर पाठवले जाईल हे त्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही. दुसरे कारण कायद्याचे आहे. प्रवेशाच्या वेळी ज्या आजाराची नोंद झाली नाही तो पुढे उद्भवला तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या एका प्रकरणात म्हटले. सैनिकाच्या हिताचे हे तत्त्व प्रवेशाच्या वेळच्या प्रामाणिक नोंदीवर उभे आहे. तेथे आजार लपवायला मदत करणारा डॉक्टर भरती मंडळाला फसवतोच, शिवाय ज्याचा दावा खरा आहे अशा जखमी सैनिकाच्या दाव्यावरही संशयाची सावली पाडतो.

यावरून व्यवसायी डॉक्टरांचे काम दोन भागांत पडते, आणि त्यातला मोठा भाग भरतीच्या आधीचा आहे. 2023 पासून अग्निवीर भरतीत ऑनलाइन लेखी परीक्षा प्रथम, शारीरिक चाचणी नंतर आणि वैद्यकीय तपासणी शेवटी असा क्रम झाला, त्यामुळे अपात्रतेचा घाव आता अभ्यास आणि धावणे या दोन्हींत मुलाने कस लावल्यानंतर बसतो. तयारी सुरू करतानाच त्याची पूर्ण तपासणी केली तर त्याचे एखादे वर्ष वाचते. या तपासणीला महागडी यंत्रे लागत नाहीत. अधिकारी प्रवेशाच्या निकषांत गुडघे जुळवून उभे राहिल्यावर दोन घोट्यांच्या आतल्या हाडांतले अंतर पुरुषांत पाच सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे आणि कोपरापासून हात बाहेर वळण्याचा कोन पुरुषांत 15 व स्त्रियांत 18 अंशांपेक्षा अधिक नसावा अशा मर्यादा आहेत, त्या मोजायला टेप आणि कोनमापक पुरेत. दातांचे किमान 14 गुण लागतात, म्हणजे निरोगी आणि कार्यक्षम दातांना त्यांच्या जागेनुसार एक किंवा दोन गुण देऊन येणारी बेरीज. एखादा किडलेला दात वेळेवर भरला तर हे गुण टिकतात. कानाचा पडदा, नाकाचा आतला पडदा, तळपाय, तळहातांचा घाम, अंडकोशातले पाणी किंवा फुगलेल्या शिरा, मूळव्याध, रक्तदाब आणि ठिपक्यांच्या तक्त्यांवर रंग ओळखण्याची चाचणी एवढे पाहिले तरी बहुतेक अनपेक्षित धक्के टळतात.

याच टप्प्यावर अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची जबाबदारीही डॉक्टरांवर येते. चष्मा घालवण्यासाठी केलेली लेसर शस्त्रक्रिया अधिकारी प्रवेशात सरसकट चालत नाही: ती वयाच्या 20 वर्षांनंतर केलेली असावी, तिला 12 महिने झालेले असावेत, डोळ्याची लांबी 26 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि पारपटलाची जाडी 450 मायक्रॉनपेक्षा कमी नसावी, अशा अटी आहेत. अठराव्या वर्षी घाईने लेसर करून घेणारा मुलगा भरतीसाठी म्हणून केलेल्या खर्चानेच भरतीचे दार बंद करून घेतो. पोटाच्या, नाकाच्या आणि कानाच्या शस्त्रक्रियांनंतरही ठरावीक काळ जावा लागतो, म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय दुखण्याच्या गरजेवर आणि अधिसूचनेतल्या मुदतींवर व्हावा, भरती अकादमीतल्या कुणाच्या सांगण्यावर होऊ नये.

कामाचा दुसरा भाग अपात्रतेनंतरचा. केंद्र सरकारच्या सेवांच्या वैद्यकीय नियमांत एक जुनी आणि शहाणी अट आहे: पहिल्या मंडळाच्या निर्णयात चूक झाली असावी हे दाखवण्यासाठी खासगी डॉक्टरचे प्रमाणपत्र दिले, तर उमेदवार आधीच अपात्र ठरला आहे याची पूर्ण जाणीव ठेवून ते दिले आहे, असे त्यात लिहिलेले नसल्यास ते विचारात घेतले जात नाही. सेनादलांच्या फेरतपासणीत बाहेरचे प्रमाणपत्र निर्णायक नसते, तरीही याच अटीतले तत्त्व मार्गदर्शक आहे. 'उमेदवार तंदुरुस्त आहे' या एका ओळीने काहीच साधत नाही. अपात्रतेचा शेरा शब्दशः नोंदवून, त्याच अवयवाचे मोजमाप, ते घेण्याची पद्धत, दिनांक आणि क्ष-किरण किंवा श्रवणचाचणी यांसारखा पुरावा त्याच विषयाच्या तज्ज्ञाकडून जोडलेला अहवाल मात्र लष्करी तज्ज्ञाला नेमके काय पुन्हा पाहायचे ते सांगतो. न्यायालयातही हेच दिसते. दिल्ली उच्च न्यायालयाने निमलष्करी आणि पोलीस दलांच्या भरतीसंबंधी दिलेल्या निकालांत दलांच्या डॉक्टरांना सेवेच्या गरजांची अधिक जाण असते म्हणून त्यांच्या मतात सहसा हस्तक्षेप करू नये असे मानले, आणि 2024 मधील एका निकालात जेथे आजार तज्ज्ञाने तपासण्याजोगा असूनही तसे झालेले नाही तेथे हस्तक्षेपाला जागा ठेवली. डॉक्टरने लिहिलेला तपशील पुढे याच जागी उपयोगी पडतो.

खोट्या प्रमाणपत्राविषयी वेगळे सांगायला नको, तरी नियमांची आठवण असावी. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांनुसार दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंदवही ठेवणे, रुग्णाची ओळखचिन्हे लिहिणे आणि प्रत जपणे बंधनकारक आहे, खोटे किंवा दिशाभूल करणारे प्रमाणपत्र हे गैरवर्तन आहे, आणि रुग्णाने मागितलेली कागदपत्रे 72 तासांत द्यायची आहेत. पाच दिवसांच्या मुदतीत हे 72 तासही लांब आहेत. अशा मुलाचे कागद त्याच दिवशी तयार करणे हाच येथे योग्य प्रघात ठरेल.

ज्यांच्याबाबत फेरतपासणीने काही बदलणार नाही, त्यांना तसे स्पष्ट सांगणे हे या कामातले सर्वांत अवघड काम. जन्मजात रंगांधळेपणा उपचाराने जात नाही, आणि तक्ते पाठ करून तो झाकता येईल असे सांगणारा माणूस मुलाचे आणि उद्या त्याच्यावर विसंबणाऱ्या सहकाऱ्यांचेही अहित करतो. या मुलांच्या मनावर भरतीचा केवढा भार असतो ते सिकंदराबादने 17 जून 2022 रोजी पाहिले: तीन दिवसांपूर्वी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेविरुद्ध रेल्वे स्थानकावर उसळलेल्या आंदोलनात एका तरुणाचा मृत्यू झाला, आणि आंदोलकांत शारीरिक व वैद्यकीय चाचण्या पार करून लेखी परीक्षेची वाट पाहत राहिलेले अनेकजण होते. योजना जाहीर झाली तेव्हा ठरलेल्या साडेसतरा ते एकवीस एवढ्या वयाच्या मर्यादेत एकेक वर्ष किती मोलाचे असते हे त्या दिवशी दिसले. अशा मुलाला खोटी आशा दिली तर त्याचे उरलेले वर्षही जाते. खरे सांगितले, आणि त्याची शरीरस्थिती जेथे आड येणार नाही अशा नोकरीचा किंवा शिक्षणाचा विचार पालकांसमोर बसून केला, तर ते वर्ष त्याच्या हाती राहते.

म्हणून जुळ्या शहरांतल्या मराठी डॉक्टरांना या मासिकाचे आवाहन आहे की येत्या भरतीच्या अधिसूचनेची वाट न पाहता आपल्या परिसरातल्या तयारी करणाऱ्या मुलामुलींची पूर्वतपासणी माफक शुल्कात किंवा विनामूल्य करावी, मोजमापे लिखित द्यावीत, आणि अपात्र ठरून आलेल्याला त्याच दिवशी वेळ द्यावा. भारतीय व्यवस्थेत सूट नाही, दयेला जागा नाही. जे आहे ते एका अचूक नोंदीच्या बळावर मिळू शकणारे न्याय्य पुनर्परीक्षण आहे, आणि ती नोंद वेळेवर आणि खरी लिहिणे पूर्णपणे डॉक्टरांच्या हातात आहे.