विश्लेषण : परीक्षेचा ताण हलका करायचा, तर चाचण्या वाढवाव्या लागतील

नवी दिल्ली : केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या म्हणजेच सीबीएसईच्या दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०२६ पासून वर्षातून दोन परीक्षांची पद्धत लागू झाली आहे. पहिली परीक्षा सर्वांना बंधनकारक, दुसरी ऐच्छिक आणि तीन विषयांपर्यंत गुण सुधारण्याची मुभा, असे तिचे स्वरूप आहे. एकाच परीक्षेवर सारे भवितव्य अवलंबून राहू नये, हा त्यामागचा हेतू. या निर्णयाला मंजुरी मिळाल्यानंतर महिनाभरातच, २५ जुलै २०२५ रोजी, न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि शिकवणी वर्गांना बंधनकारक ठरणारी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. विशाखापट्टणममध्ये वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षीय विद्यार्थिनीच्या मृत्यूचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर होते.

शिक्षण मंडळ आणि न्यायालय यांचे मार्ग वेगळे असले, तरी चिंता एकच आहे. परीक्षा हे विद्यार्थ्यांच्या मनावरील ओझे झाले असून ते हलके केले पाहिजे, याविषयी आता फारसे दुमत उरलेले नाही. तथापि, गेल्या दोन दशकांतील स्मृतीविषयक संशोधन या चर्चेत एक अनपेक्षित मुद्दा पुढे आणते. परीक्षेने केवळ ज्ञान मोजले जाते असे नाही. योग्य रीतीने घेतलेल्या चाचणीने ज्ञान पक्के होते आणि परीक्षेची भीतीही ओसरते. तसे असेल, तर आपल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला चाचण्या फार येतात की चुकीच्या प्रकारच्या चाचण्या येतात, हा प्रश्न नव्याने विचारावा लागेल.

वाचणे आणि आठवणे

अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा देण्यात आला. एका गटाने चारही सत्रांत तो पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न पाहता जेवढे आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पहिल्या गटाने उतारा सरासरी १४ वेळा वाचला होता, तर दुसऱ्याने जेमतेम ३ ते ४ वेळा.

पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता; त्याला ८३ टक्के आशय आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले. वाचणाऱ्यांच्या स्मरणात ४० टक्के आशय उरला होता, आठवून लिहिणाऱ्यांच्या ६१ टक्के. आपल्याला हा उतारा पुढे चांगला आठवेल, असा विश्वास सर्वाधिक होता तो पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच.

ही शेवटची बाब महत्त्वाची आहे. डोळ्यांखालून वारंवार गेलेला मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि ओळखीचे ते येते, असा भास होतो. परीक्षेत मात्र मजकूर ओळखायचा नसतो, समोर काहीही नसताना तो आठवायचा असतो. आठवण्याचा हा प्रयत्न कष्टाचा असल्याने विद्यार्थी तो टाळतात. नेमक्या त्याच कष्टाने स्मृती दृढ होते. अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती तपासणाऱ्या २०१३ मधील एका विस्तृत आढाव्यात स्वतःची चाचणी घेणे आणि अंतर ठेवून उजळणी करणे या दोनच पद्धतींना सर्वाधिक उपयुक्त ठरवण्यात आले. ओळींखाली रेघा मारणे आणि नुसते पुन्हा वाचणे या पद्धती तळाशी राहिल्या.

हे सारे घोकंपट्टीचे समर्थन तर नव्हे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. कार्पिकी आणि जेनेल ब्लंट यांच्या २०११ च्या अभ्यासाने तिचे उत्तर दिले. विज्ञानाचा पाठ आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी, पुस्तक समोर ठेवून संकल्पनांचे आराखडे काढणाऱ्यांपेक्षा, अनुमान काढायला लावणारे प्रश्नही अधिक चांगले सोडवले. घोकण्यात शब्द जसेच्या तसे ओठांवर बसवले जातात. आठवण्यात विद्यार्थ्याला आशयाची जुळणी स्वतः करावी लागते.

मराठी वाचकांना यातील काही भाग परिचयाचा वाटेल. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागल्यावर पाढे, पावकी-निमकी आणि स्तोत्रे म्हणण्याची परवचा अनेक घरांत होती. तिच्यात पाठांतरावर भर होता आणि अर्थाकडे अनेकदा दुर्लक्ष होई, हे खरे. परंतु पुस्तक मिटून रोज थोडे आठवायचे, चुकले तर वडीलधाऱ्यांनी तिथल्या तिथे सुधारायचे आणि त्याची कुठेही नोंद राहायची नाही, ही तिची रचना आजच्या संशोधनाच्या शिफारशींशी बरीच जुळते.

ताणाखाली स्मृतीचे काय होते?

परीक्षागृहात सारे विसरायला होते, ही तक्रार खोटी नसते. मनात काळजीचे विचार घोळत असतील, तर प्रश्न सोडवताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या कार्यस्मृतीचा एक हिस्सा तेच व्यापतात. तीव्र ताणात स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरकही आठवण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणू शकते.

टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये १२० जणांवर केलेला प्रयोग याच मुद्द्याशी निगडित होता. काहींनी शब्द आणि चित्रे पुन्हा पाहून अभ्यासली, काहींनी ती आठवण्याचा सराव केला. दुसऱ्या दिवशी निम्म्या सहभागींना परीक्षकांसमोर अचानक भाषण करायला आणि गणिते सोडवायला लावून ताण देण्यात आला. पुन्हा पाहून अभ्यास केलेल्यांना, ३० पैकी, ताणाविना सुमारे ९ गोष्टी आठवल्या, ताणाखाली सुमारे ७. आठवण्याचा सराव केलेल्यांना ताणाविना सुमारे १० आणि ताणाखाली सुमारे ११ आठवल्या. एका प्रयोगावर सरसकट निष्कर्ष उभारता येत नाही. मात्र दृढ झालेली स्मृती ताणातही तग धरू शकते, हे त्यातून दिसले.

वर्गातील अनुभवही त्याच दिशेने जातो. अमेरिकेतील माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांमधील १,४०८ विद्यार्थ्यांच्या २०१४ मधील पाहणीत, वर्गात नियमित लहान चाचण्या झाल्यामुळे मुख्य परीक्षेची धास्ती कमी झाल्याचे ७२ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. ही स्वतः विद्यार्थ्यांनी दिलेली माहिती आहे, ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

मग कोटाचे काय?

येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. वारंवार चाचण्यांनी भीती ओसरत असेल, तर कोटासारख्या शिकवणी वर्गांच्या शहरांतील विद्यार्थी सर्वांत निश्चिंत असायला हवेत. तेथे दर आठवड्या-पंधरवड्याला चाचण्या होतात. प्रत्यक्षात ही शहरे विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांमुळे सतत चर्चेत आहेत.

या विसंगतीचा उलगडा स्कॉट हिन्झ आणि डेव्हिड रॅप यांच्या २०१४ च्या अभ्यासातून होतो. विज्ञानाचे पाठ वाचल्यानंतर एका गटाची चाचणी कोणत्याही दबावाविना घेतली गेली, दुसऱ्या गटावर कामगिरी दाखवण्याचा दबाव ठेवला गेला. त्या चाचणीतील दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखीच होती. मात्र पुढच्या अंतिम परीक्षेत पुन्हा वाचणाऱ्यांच्या तुलनेत लाभ दिसला तो दबाव नसलेल्या गटालाच. चाचणी तीच असली, तरी निकालाला काय चिकटवले आहे, यावर तिचा परिणाम ठरतो.

शिकवणी वर्गांतील चाचणीचा निकाल गुणानुक्रमाच्या यादीत लागतो, त्यावरून तुकडी बदलते आणि तो पालकांच्या मोबाइलवर पोहोचतो. आपले काय कच्चे राहिले, यापेक्षा आपण कितवे आलो, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे मोठा होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये गुणवत्तेनुसार तुकड्या पाडू नयेत, विद्यार्थ्यांचा जाहीर पाणउतारा करू नये आणि झेपणार नाहीत अशी उद्दिष्टे लादू नयेत, असे बजावले आहे. या कलमाकडे सहानुभूतीची अपेक्षा म्हणून पाहिले जाते. संशोधनाच्या प्रकाशात ते शिक्षणशास्त्रीयदृष्ट्याही अचूक ठरते.

फसलेल्या प्रयोगाचा धडा

लहान आणि वारंवार चाचण्यांचा प्रयोग भारताने एकदा करून पाहिला आहे. शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची संकल्पना देशभर नेली. सीबीएसईने २००९ पासून ती नववी-दहावीला लागू केली, महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी आकारिक आणि संकलित मूल्यमापन आले. कल्पना संशोधनाला धरून होती. अंमलबजावणीत ती उलटली. सीबीएसईच्या पद्धतीत वर्षभरातील चार आकारिक चाचण्यांना मिळून ४० टक्के भारांश होता. परिणामी प्रत्येक लहान चाचणी, प्रत्येक प्रकल्प अंतिम श्रेणीचा तुकडा बनला. विद्यार्थ्यांना वर्षभर परीक्षा असल्यासारखे वाटू लागले, शिक्षक नोंदवह्या भरण्यात गुंतले, तर पालक विकतचे प्रकल्प आणू लागले. अखेर २०१७ मध्ये सीबीएसईने ही पद्धत मागे घेतली आणि २०१८ पासून दहावीची मंडळाची परीक्षा पुन्हा सक्तीची झाली.

चाचण्या वारंवार झाल्या म्हणून हा प्रयोग फसला, असा समज त्यानंतर रूढ झाला. वस्तुतः प्रत्येक चाचणीचे गुण अंतिम निकालात जमा होत राहिले, हे त्याच्या अपयशाचे मोठे कारण होते. हा फरक ओळखला नाही, तर नव्या सुधारणांचेही तेच होण्याचा धोका आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नियमित आणि शिकण्याला पूरक अशा मूल्यमापनावर भर देते. ते मूल्यमापन गुणपत्रिकेपासून कितपत दूर राहते, यावर त्याचे यश ठरेल. दहावीच्या दोन परीक्षांचा निर्णय स्वागतार्ह आहे, कारण एका दिवसावरील भार त्याने विभागला जातो. मात्र दोन्ही परीक्षा मोजण्यासाठीच आहेत. शिकण्यासाठीची चाचणी त्याआधीच्या दहा महिन्यांत, वर्गात, रोजच्या पाच-दहा मिनिटांत व्हायला हवी.

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. तासाच्या सुरुवातीला कालच्या पाठावर तीन प्रश्न, उत्तरे वहीत, तपासणी विद्यार्थ्यांनी स्वतः करायची आणि गुण कुठेही नोंदवायचे नाहीत, एवढे पुरेसे आहे. गरज आहे ती शिक्षक-प्रशिक्षणात या पद्धतीला स्थान देण्याची आणि अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईतून शिक्षकांना थोडी उसंत देण्याची. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात नोंदींचा बोजा नसलेली चाचणीच टिकू शकते.

मर्यादा आणि जबाबदारी

अभ्यासाची पद्धत बदलल्याने मानसिक आरोग्याचा प्रश्न सुटेल, असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. एनसीईआरटीने २०२२ मध्ये सुमारे ३.८ लाख शालेय विद्यार्थ्यांची पाहणी केली. तीत ५० टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास आणि ३१ टक्के विद्यार्थ्यांनी परीक्षा व निकाल हे चिंतेचे कारण सांगितले. मात्र चिंता आणि आत्महत्या यांच्यात सरळ रेघ ओढता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्या वर्षी परीक्षेतील अपयशाशी थेट जोडल्या गेलेल्या आत्महत्यांची संख्या २,२४८ होती. २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा आकडा १३,८९२ वर गेला आणि त्यांतील सर्वाधिक, २,०४६, महाराष्ट्रातील होत्या. कौटुंबिक कलह, आजार, आर्थिक विवंचना, भेदभाव आणि एकटेपणा ही कारणे कोणत्याही चाचणीच्या आवाक्याबाहेरची आहेत.

स्पर्धेचे गणितही तेवढेच कठोर आहे. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नीट परीक्षा दिली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. सर्वांनी उत्तम अभ्यास केला, तरी बहुसंख्यांना प्रवेश मिळणार नाही. म्हणूनच १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक नेमण्याच्या न्यायालयाच्या निर्देशाला आणि पर्यायी वाटा वेळीच दाखवण्याला दुसरा उपाय नाही.

तरीही शाळेच्या हातात जे आहे, ते थोडे नाही. वर्षभर रोज थोडे चुकण्याची आणि ती चूक कुणाच्याही नजरेत न भरता सुधारण्याची सवय झालेला विद्यार्थी मार्चमधील प्रश्नपत्रिकेकडे वेगळ्या नजरेने पाहतो. आठवण्याचा प्रयत्न फसणे हा शिकण्याचाच एक टप्पा आहे, हे त्याला अनुभवाने कळलेले असते. परीक्षा किती घ्याव्यात, यावर धोरणकर्त्यांचा बराच वेळ खर्च झाला आहे. त्यांपैकी किती परीक्षांचे गुण मोजू नयेत, याचा निर्णय अद्याप व्हायचा आहे.

(मानसिक ताण असह्य होत असल्यास केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर २४ तास मदत उपलब्ध आहे.)